फी माफ झाली, मग पदवी कुठे अडते?

२००७ साली न्यूयॉर्कच्या महापौरांचं कार्यालय आणि शहरातली सहा कम्युनिटी कॉलेजं यांनी मिळून एक योजना हाती घेतली. योजनेत दाखल झालेल्या विद्यार्थ्याला मेट्रोकार्ड मिळायचं, म्हणजे शहरातल्या भुयारी रेल्वेचा आणि बसचा महिन्याचा पास. त्याचे पैसे पडत नव्हते, अट मात्र होती. त्या महिन्यात आपल्या मार्गदर्शकाशी ठरलेली भेट झालेली हवी. भेट चुकवली की पास अडला.

शिक्षणाच्या धोरणात बसच्या पासाला एवढं महत्त्व कशाला, असं कोणालाही वाटेल. शिष्यवृत्ती, फीमाफी, राखीव जागा हे आपल्या ओळखीचे विषय. पण या योजनेची पुढे काटेकोर तपासणी झाली, तेव्हा तिच्यातल्या विद्यार्थ्यांपैकी तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट निघालं. अमेरिकेतल्या उच्च शिक्षणात एवढा फरक पाडून दाखवणारे उपक्रम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

शहराचा कारभार पाहणाऱ्यांनी आणि कॉलेजांनी एकत्र येऊन तरुणांच्या शिक्षणाला हातभार लावायचा म्हणजे नेमकं काय करायचं, याचं उत्तर या योजनेच्या हिशेबात सापडतं. प्रवेश मिळवून देण्याचं काम राज्य किंवा केंद्र सरकार लांबूनही करू शकतं. प्रवेश आणि पदवी यांच्या मधली वर्षं मात्र विद्यार्थी एका विशिष्ट शहरात काढतो. तिथल्या बसमध्ये, तिथल्या भाड्याच्या खोलीत, तिथल्या दुकानातल्या अर्धवेळ नोकरीत. तिथवर हात पोचतो तो त्या शहराचा कारभार पाहणाऱ्यांचाच.

मतपेटीतून निघालेलं कॉलेज

न्यूयॉर्कला हा विचार नवा नव्हता. १८४७ मध्ये तिथल्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष होते टाउनसेंड हॅरिस. हा व्यापारी माणूस पुढे जपानमधला अमेरिकेचा पहिला कॉन्सल जनरल म्हणून प्रसिद्ध झाला. शहराने स्वतःच्या खर्चाने एक महाविद्यालय काढावं, तिथे फी असू नये आणि गरीब-श्रीमंतांची मुलं एका बाकावर बसावीत, असा त्यांचा आग्रह होता. प्रस्ताव थेट मतदानाला टाकण्यात आला. करदात्यांच्या पैशाने कॉलेज काढायला मतदारांनी पाचास एक अशा भरघोस प्रमाणात होकार दिला. १८४९ मध्ये फ्री अकॅडमी सुरू झाली. हेच पुढचं सिटी कॉलेज. १८७० मध्ये मुलींसाठी वेगळी संस्था निघाली, ती आज हंटर कॉलेज म्हणून ओळखली जाते.

पुढच्या शंभर वर्षांत बोटीने आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांसाठी ही कॉलेजं म्हणजे वर चढायची जवळपास एकमेव वाट होती. पोलिओची लस शोधणारे जोनास सॉल्क सिटी कॉलेजचे १९३४ चे पदवीधर, तर पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले कॉलिन पॉवेल १९५८ चे. १९६१ मध्ये शहरातली अशी सगळी कॉलेजं एकत्र करून ‘सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क’ हे विद्यापीठ उभं राहिलं.

फी नव्हती तरी दार सर्वांना उघडं होतं, असं मात्र नाही. गुणांची अट कडक होती आणि शहरात मोठ्या संख्येने राहणारे कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन तरुण वर्गात फारसे दिसत नव्हते. १९६९ मध्ये त्यांनी सिटी कॉलेजचा परिसर ताब्यात घेऊन आंदोलन केलं. परिणामी १९७० पासून शहरातलं हायस्कूल पार केलेल्या प्रत्येकाला विद्यापीठात कुठे ना कुठे जागा द्यायचं ठरलं. पहिल्याच वर्षी सुमारे ३५ हजार नवे विद्यार्थी आले.

पाच वर्षांत शहराची तिजोरी आटली. १९७५ मध्ये न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं. १९७६ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर विद्यापीठ दोन आठवडे चक्क बंद ठेवावं लागलं, कारण पगाराला पैसे नव्हते. त्याच वर्षी फी लागू झाली आणि १२९ वर्षांची मोफत शिक्षणाची परंपरा संपली. चार वर्षांच्या कॉलेजांचा भार पुढे राज्याने उचलला. दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं मात्र आजही शहराचा पैसा, राज्याचा पैसा आणि विद्यार्थ्यांची फी अशा तीन आधारांवर चालतात. म्हणजे ज्या शहराने कॉलेज काढलं त्याच शहराला ते पोसणं जड गेलं. स्थानिक पैशाचं हे दुखणं पुढेही दिसतं, म्हणून ते लक्षात ठेवायला हवं.

दार उघडं, तरी मुलं गळतात

कम्युनिटी कॉलेज ही अमेरिकन शिक्षणातली सगळ्यात लोकाभिमुख पायरी. साठ क्रेडिटची दोन वर्षांची असोसिएट पदवी इथे मिळते. ती घेऊन नोकरी धरता येते किंवा चार वर्षांच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला जाता येतं. हायस्कूल पूर्ण केलेल्या जवळपास कोणालाही प्रवेश मिळतो. फी कमी असते, आणि गरीब घरातल्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारचं पेल अनुदान व राज्याची मदत मिळाली की पुष्कळदा तीही खिशातून भरावी लागत नाही.

तरीही मुलं गळतात. त्याची कारणं पाहिली तर एकेक कारण किरकोळ वाटतं.

पहिलं कारण प्रवेशाच्या वेळीच उभं राहतं. विद्यार्थ्याची गणित, वाचन आणि लेखनाची चाचणी व्हायची. त्यात कमी पडला की त्याची रवानगी रेमिडियल वर्गात, म्हणजे शाळेतला राहून गेलेला भाग पुन्हा शिकवणाऱ्या वर्गात. या वर्गाची फी लागायची, हजेरी लागायची, परीक्षा व्हायची, पण पदवीच्या साठ क्रेडिटांत त्याचं एकही क्रेडिट धरलं जात नव्हतं. काही जणांना असे दोन-तीन वर्ग ओळीने करावे लागायचे. वर्ष संपतं, अनुदानाचा एक हिस्सा खर्च होतो आणि हातात पदवीच्या दृष्टीने जवळजवळ काही नसतं. गणिताची धास्ती असलेला विद्यार्थी तो वर्ग पुढच्या सत्रावर ढकलत राहतो आणि एक दिवस कॉलेजच सोडतो.

दुसरं कारण वेळापत्रक. एक तास सकाळी नऊला, दुसरा दुपारी चारला, मधले सहा तास रिकामे. ज्याला दुकानात किंवा उपाहारगृहात पाळी करायची आहे त्याला हे परवडत नाही. मग तो दोनच विषय घेतो. दोन विषयांच्या गतीने दोन वर्षांची पदवी पाच वर्षांवर जाते, आणि पाच वर्षांत घरात काय काय घडू शकतं हे वेगळं सांगायला नको.

तिसरं कारण पैशाचंच, पण फीच्या बाहेरचं. भुयारी रेल्वेच्या महिन्याच्या पासाला शंभर डॉलरच्या आसपास पडायचे. एकेका पाठ्यपुस्तकाची किंमतही तेवढी असू शकते. पुस्तक न घेता सत्र रेटायचं ठरवलं की निकाल ठरल्यासारखाच.

चौथं कारण, विचारायला माणूस नाही. घरात कॉलेजात गेलेलं कोणी नसतं. कॉलेजात सल्लागार असतो, पण साध्या व्यवस्थेत एकेका सल्लागाराकडे सहाशे ते दीड हजार विद्यार्थी असायचे. कोणता विषय आधी घ्यावा, चुकीचा विषय घेतला तर चार वर्षांच्या कॉलेजात तो धरला जाईल का, अनुदानाचा अर्ज कधी भरायचा, हे प्रश्न तसेच राहतात. अर्जाची तारीख चुकली की पुढच्या सत्राची फी अंगावर येते.

पास, पुस्तकं आणि एक माणूस

महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २००६ मध्ये शहरातली गरिबी कमी करण्यासाठी एक स्वतंत्र केंद्र स्थापन केलं होतं. नवे उपाय लहान प्रमाणात करून पाहायचे, मोजायचे आणि फळले तर वाढवायचे, ही त्याची रीत. सुरुवातीला सांगितलेली योजना २००७ मध्ये त्या केंद्राच्याच पैशातून कम्युनिटी कॉलेजांत सुरू झाली. तिचं नाव ‘एसॅप’. तीन वर्षांत निम्म्या विद्यार्थ्यांनी पदवी घ्यावी, हे उद्दिष्ट आधीच जाहीर केलं होतं. पैसे देणाऱ्या शहराने आकडा मागितला आणि कॉलेजांनी तो मान्य केला. भागीदारीचा खरा पाया तिथे पडला.

योजनेचा करार दोन्ही बाजूंना बांधणारा होता. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचं, म्हणजे सत्राला किमान बारा क्रेडिटचे विषय घ्यायचे. रेमिडियल वर्ग असतील तर ते पुढे न ढकलता पहिल्यांदा उरकायचे. गरज पडल्यास हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या छोट्या सत्रांतही विषय घ्यायचे. मार्गदर्शकाला नियमाने भेटायचं.

बदल्यात अनुदानं मिळूनही फीची जी रक्कम उरेल ती योजना भरायची. पाठ्यपुस्तकं फुकट. मेट्रोकार्ड फुकट. पहिल्या वर्षी योजनेतल्या मुलांचे तास एका सलग पट्ट्यात बांधलेले, म्हणजे कोणाला सकाळी शिकून दुपारची पाळी करता यावी. आणि मार्गदर्शकाकडे सहाशेऐवजी साठ ते ऐंशीच विद्यार्थी.

मेट्रोकार्डाच्या अटीतली मेख इथे कळते. भेटायला या, असं नुसतं सांगितलं तर अडचणीत असलेला विद्यार्थीच सर्वांत आधी तोंड लपवतो. नापास झालेला, कामावर जादा पाळी लागलेला, घरी आजारपण असलेला. त्याला पाससाठी का होईना यावंच लागतं. खोलीत बसला की गणिताच्या चाचणीचा विषय निघतो, चुकलेल्या अर्जाचा निघतो, आणि गाडी रुळावरून घसरायच्या आत कोणाला तरी ते माहीत झालेलं असतं. तपासणीत आढळलं, की योजनेतले विद्यार्थी पहिल्या वर्षात मार्गदर्शकाशी सरासरी ३८ वेळा बोलले. इतरांच्या बाबतीत हाच आकडा ६ होता.

कामाची वाटणीही पाहण्यासारखी आहे. वेळापत्रक बदलणं, प्राध्यापकांना तासांच्या नव्या रचनेसाठी राजी करणं, मार्गदर्शक नेमणं ही कामं कॉलेजाशिवाय कोणी करू शकत नव्हतं. पासाचा आणि जादा मार्गदर्शकांचा खर्च कॉलेजाच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात बसत नव्हता, तो शहराने उचलला. फीचा मोठा भाग केंद्र आणि राज्य आधीच देत होते. ज्याच्या हातात जे होतं ते त्याने टाकलं.

चिठ्ठ्या टाकून केलेली पारख

अशा योजनांचे जाहीर झालेले निकाल नेहमीच चांगले असतात, कारण हुशार आणि जिद्दी मुलंच त्यांत आधी शिरतात. मग यश योजनेचं की मुलांचं, हे कळत नाही. म्हणून २०१० मध्ये ‘एमडीआरसी’ या संशोधन संस्थेने तीन कॉलेजांत वेगळी रीत वापरली. बरो ऑफ मॅनहॅटन, किंग्सबरो आणि लाग्वार्डिया ही ती कॉलेजं. कमी उत्पन्नाच्या घरांतले, रेमिडियल वर्गाची गरज असलेले आणि पूर्णवेळ शिकायला तयार असलेले ८९६ विद्यार्थी निवडले आणि चिठ्ठी टाकावी तसं त्यांना दोन गटांत विभागलं. एका गटाला योजना, दुसऱ्याला कॉलेजाच्या नेहमीच्या सोयी. जिद्द, हुशारी, घरची परिस्थिती दोन्हीकडे सारखीच वाटली गेली.

तीन वर्षांनी नेहमीच्या गटातल्या सुमारे २२ टक्के विद्यार्थ्यांच्या हातात पदवी होती. योजनेच्या गटात ४० टक्के. चार वर्षांच्या कॉलेजात पुढे गेलेल्यांचं प्रमाणही १७ वरून २५ टक्क्यांवर गेलं.

खर्चाचा हिशेब आणखी बोलका आहे. योजनेतल्या विद्यार्थ्यावर तीन वर्षांत नेहमीपेक्षा सुमारे ६३ टक्के जास्त खर्च आला. कोणताही लेखापाल इथेच भुवया उंचावेल. पण भागाकार पदव्यांच्या संख्येने केला तर चित्र बदलतं. नेहमीच्या व्यवस्थेत शंभर विद्यार्थ्यांवर १०० रुपये खर्च झाले असं धरू. त्यातून २२ पदव्या निघाल्या, म्हणजे एका पदवीला साडेचार रुपयांच्या वर खर्च. योजनेत त्याच शंभरांवर १६३ रुपये लागले, पण पदव्या निघाल्या ४०. एका पदवीला चार रुपयांच्या किंचित वर. डोक्यामागे महाग असलेली योजना पदवीमागे सुमारे अकरा टक्क्यांनी स्वस्त पडली. अर्धवट सुटलेल्या शिक्षणावर झालेला खर्च आपण कधी मोजत नाही, म्हणून स्वस्त व्यवस्था स्वस्त दिसते.

हीच रचना पुढे ओहायो राज्यातल्या तीन कम्युनिटी कॉलेजांत उभी केली, तेव्हा तिथेही तीन वर्षांचं प्रमाण १९ वरून ३५ टक्क्यांवर गेलं. न्यूयॉर्कमध्ये पुढचे महापौर बिल द ब्लासिओ यांच्या काळात योजना २५ हजार विद्यार्थ्यांपर्यंत वाढवण्यात आली. पक्ष बदलला, महापौर बदलला, तरी योजना टिकली. हातात पक्का आकडा असण्याचा हा फायदा.

मर्यादाही सांगायला हवी. पूर्णवेळ शिकणं ज्यांना शक्यच नाही, लहान मूल किंवा पूर्ण नोकरी ज्यांच्या गळ्यात आहे, ते या योजनेच्या बाहेर राहिले. आणि योजना असूनही तीन वर्षांत साठ टक्के मुलं पदवीपर्यंत पोचली नव्हती. अर्थात त्यातली काही नंतर पोचली. सहा वर्षांनी पाहिलं तर योजनेच्या गटात निम्म्याहून किंचित अधिक आणि दुसऱ्या गटात सुमारे ४१ टक्के जणांकडे पदवी होती.

पैसा कुठून आणि कोणाला

इतर शहरांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. सॅन फ्रान्सिस्कोतल्या मतदारांनी २०१६ मध्ये ५० लाख डॉलरहून महाग मालमत्तांच्या खरेदी-विक्रीवरचा कर वाढवायला मंजुरी दिली. हा पैसा तिथलं सिटी कॉलेज मोफत करायला वापरावा, असा प्रचार झाला होता. पण कर कायद्याने शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत जाणार होता, कॉलेजासाठी राखून ठेवलेला नव्हता. त्यामुळे निवडणुकीनंतर महापौर आणि पर्यवेक्षक मंडळ, म्हणजे तिथली नगरसभा, यांच्यात ओढाताण झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये तडजोड होऊन त्या वर्षीच्या सत्रापासून शहरातल्या रहिवाशांना फी उरली नाही. क्रेडिटमागे ४६ डॉलरची फी शहर कॉलेजाला देऊ लागलं.

या योजनेतलं एक कलम आवर्जून पाहावं असं आहे. गरीब विद्यार्थ्यांची फी कॅलिफोर्निया राज्य आधीपासूनच माफ करत होतं. शहराने फी मोफत केल्याने त्यांच्या पदरात काहीच नवं पडलं नसतं. म्हणून पूर्णवेळ शिकणाऱ्या अशा विद्यार्थ्यांना पुस्तकं आणि प्रवासासाठी सत्राला २५० डॉलर रोख द्यायचं ठरलं.

अमेरिकेतल्या बऱ्याच ‘मोफत कॉलेज’ योजना नेमक्या इथे फसतात. आधी बाकीची अनुदानं वजा करायची आणि फीत जे उरेल तेवढंच आपण भरायचं, अशी त्यांची बांधणी असते. ती स्वस्त पडते, पण सगळ्यात गरीब विद्यार्थ्याची फी अनुदानातूनच फिटलेली असल्याने त्याच्या वाट्याला शून्य येतं आणि पैसा मध्यमवर्गाकडे वळतो. मिशिगनमधल्या कॅलामझू गावात २००५ मध्ये निनावी देणगीदारांनी जाहीर केलेल्या योजनेने उलटा क्रम धरला. त्यांनी फी आधी भरायची, म्हणजे विद्यार्थ्याला केंद्राचं अनुदान राहण्या-खाण्याला वापरता येईल. मूल पहिल्यापासून गावच्या सरकारी शाळेत असेल तर पूर्ण फी, नववीला आलं असेल तर ६५ टक्के. त्यामुळे गावच्या शाळांचा पटही वाढला.

बॉस्टनने बांधकामाचा आधार घेतला. मोठे व्यापारी प्रकल्प उभे करणाऱ्यांकडून शहर रोजगार-प्रशिक्षणासाठी एक शुल्क घेतं. त्यातला काही भाग २०१६ पासून कम्युनिटी कॉलेजाच्या फीकडे वळवला. उंच इमारती वाढतात तसा हा निधी वाढतो. बांधकाम थंडावलं की तोही आटणार, हा धोका ओघाने आलाच.

कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचने पैशाआधी वाट आखली. २००८ मध्ये तिथला शाळा विभाग, सिटी कॉलेज आणि राज्य विद्यापीठ यांनी करार केला, आणि २०१४ मध्ये शहर त्यात सामील झालं. चौथीच्या मुलांना सिटी कॉलेज दाखवायला न्यायचं, पाचवीच्या मुलांना विद्यापीठ. किमान अटी पूर्ण करणाऱ्या गावच्या मुलाला विद्यापीठात जागा नक्की. २०१२ पासून सिटी कॉलेजाने एका चाचणीवर मुलांना रेमिडियल वर्गात ढकलणं कमी केलं आणि हायस्कूलचे गुण ग्राह्य धरायला सुरुवात केली. शाळेकडे गुण होते, कॉलेजाकडे चाचणी होती, दोघांनी कागद एकत्र ठेवल्यावर कळलं की रेमिडियल वर्गात बसवलेली बरीच मुलं थेट कॉलेजच्या वर्गात चालली असती. या बदलाला पैसा फारसा लागला नाही. दोन संस्थांनी एकमेकींना माहिती देणं तेवढं लागलं.

आपल्याकडचा हिशेब

महाराष्ट्रात शहराच्या कारभाऱ्यांनी कॉलेज चालवण्याचं एक भक्कम उदाहरण मुंबईत आहे. १९२६ मध्ये परळला केईएम रुग्णालय सुरू झालं आणि त्याला जोडून सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय. देणगीदाराच्या विश्वस्तांनी पैसा दिला, रुग्णालय महापालिकेने चालवलं, आणि शिकवणारे भारतीयच असावेत ही विश्वस्तांची अट पाळली गेली. असहकाराच्या काळात १९२१ मध्ये निघालेलं नॅशनल मेडिकल कॉलेज १९४६ मध्ये महापालिकेकडे आलं, तेच आजचं नायर रुग्णालयाचं टोपीवाला महाविद्यालय. शीवचं लोकमान्य टिळक महाविद्यालय १९६४ चं. मुंबईकर कर भरतो, त्या पैशावर रुग्णालय चालतं आणि त्याच खाटांशी उभं राहून विद्यार्थी डॉक्टर होतो. दोन गरजा एका खर्चात भागतात.

बाकी कॉलेजांशी महापालिकांचा संबंध जेमतेम. महापालिकेचं शिक्षण म्हणजे प्राथमिक शाळा, आणि कॉलेज म्हणजे विद्यापीठ, संस्था व राज्य सरकार, अशी आपली वाटणी आहे. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत शिक्षणविषयक बाबींना प्रोत्साहन देणं हे नागरी संस्थांचं काम म्हणून नोंदलेलं आहे, पण त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी गुणवंतांचा सत्कार आणि एखादी बक्षीस योजना एवढाच लावला जातो.

राज्याने फीच्या बाजूने बरंच केलं आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी माफ झाली. निर्णय मोठा आहे. पण तालुक्याच्या गावाहून पुण्याला आलेल्या मुलीपुढे त्यानंतर खोलीचं भाडं उभं असतं, मेस उभी असते, बसचा पास उभा असतो, आणि पहिल्या वर्षी गणितात केटी लागली तर कोणाला विचारायचं हा प्रश्नही. हे सगळे खर्च आणि प्रश्न शहरातले आहेत. ही जाण आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक जातीजमातींची वसतिगृहं उभी केली, ती शिकायला आलेल्या खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा मिळत नाही, हे ओळखूनच.

आज मुंबईची बेस्ट हा महापालिकेचाच उपक्रम आहे आणि पीएमपीएमएलची मालकी पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांकडे आहे. म्हणजे न्यूयॉर्कच्या योजनेतला पास आपल्या महापालिकांच्याही हातात आहे. कितीतरी नगरपालिका अभ्यासिका चालवतात. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे रात्रंदिवस बसलेली असतात. त्यातल्याच एखाद्या खोलीत आठवड्यातून दोन दिवस जवळच्या कॉलेजचा मार्गदर्शक बसला, शिष्यवृत्तीचे अर्ज तिथेच भरून घेतले, पहिल्या वर्षी मागे पडलेल्यांची गणिताची उजळणी तिथेच झाली, तर नवी इमारत लागत नाही आणि नवा कायदाही लागत नाही. लागतो तो दोन संस्थांचा लेखी करार. कोण किती पैसे देणार, किती वर्षं देणार, विद्यार्थ्यांची कोणती माहिती एकमेकांना देणार, आणि तीन वर्षांनी कोणता आकडा पाहून योजना चालू ठेवायची की बंद करायची, हे त्यात असलं पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोतली ओढाताण पाहिली तर निधीचा मथळा अंदाजपत्रकात वेगळा राखून ठेवणंही तितकंच गरजेचं आहे. १९७६ चं न्यूयॉर्क पाहिलं तर सगळा भार एकट्या शहरावर टाकणं शहाणपणाचं नाही.

आपल्या कॉलेजांच्या अहवालांत प्रवेश किती झाले हे पहिल्या पानावर असतं. त्या तुकडीतले किती जण वेळेत पदवी घेऊन बाहेर पडले आणि बाकीचे कोणत्या सत्रात, कशामुळे थांबले, हे बहुधा कुठेच नसतं. न्यूयॉर्कने आधी तो आकडा ठरवला, मग पैसा दिला. पुढच्या अंदाजपत्रकाच्या सभेत आपल्या नगरसेवकाला आणि गावच्या प्राचार्यांना हा एक आकडा मागून पाहायला हरकत नाही. तो हाती आला की पास द्यायचा, खोली द्यायची की मार्गदर्शक, हे ठरवणं फारसं कठीण नाही.